टूथपेस्टचा बर्फ

एव्हरेस्टला अजूनही लवंगेचा वास येतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मागच्या शनिवारी आईच्या, इथे न्यूझीलंडमध्ये पापाकुरातल्या घराच्या गॅरेजमध्ये गुडघे टेकून मी ते हुंगलं आहे. त्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं मावतं: दोन मोडके हीटर, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची उतरंड, बाबांचे गमबूट, आणि त्या सगळ्यामागे भिंतीला टेकलेला एक निळा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर करडा त्रिकोण. त्रिकोणाच्या डोक्यावर टूथपेस्टचा जाड थर, आता पिवळट पडलेला, भेगाळलेला, पण जागचा न हललेला. खाली नऊ वर्षांच्या हाताने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय: माझा डोंगर, एव्हरेस्ट.

आई नर्स होती, पण कापूस ऐनवेळी सापडला नाही. भारतातून आणलेली लवंगेची टूथपेस्ट मात्र न्हाणीघरात होती, आणि ती आई पुरवून पुरवून वापरायची. मी अर्धी ट्यूब शिखरावर रिकामी केली. बर्फ इतका छान बसला की मी स्वतःच दोन पावलं मागे जाऊन स्वतःच्या कर्तबगारीकडे पाहत राहिलो. आयुष्यातल्या माझ्या सगळ्या मोठ्या चुका अशाच झाल्या आहेत. करताना फार सुबक दिसतात.

गॅरेजमध्ये मी आलो होतो ते बाबांची जुनी वही सापडते का पाहायला. सोबत माझी मुलगी रेवा होती, वय वर्षं नऊ, हातात शाळेचा कागद. इथल्या शाळेत मुलांना पेपेहा शिकवतात. माओरी लोकांची ओळख सांगायची रीत आहे ती. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग माणसं. डोंगराला ते माउंगा म्हणतात. आपल्याकडेही ‘मूळचे कुठले?’ हे विचारल्याशिवाय चहा पुढे येत नाही, त्यामुळे ही रीत मला कधी परकी वाटली नाही. गोची फक्त उत्तराची होती.

रेवाच्या आईची बाजू एका फोनवर भरून झाली होती. नाशिक, गोदावरी, डोंगर हवे तेवढे. माझ्या बाजूचा रकाना रिकामा. कागदाच्या तळाशी तिच्या बाईंनी लिहिलं होतं: घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. माहीत नसेल तर तसं सांगा. दुसऱ्याचा डोंगर घेऊ नका. शेवटचं वाक्य बहुधा माझ्यासाठीच छापलं असावं, जरा उशिरा.

“हे तू केलंस?” रेवाने पुठ्ठ्याकडे पाहत विचारलं. “डॅड, एव्हरेस्ट नेपाळमध्ये आहे.”

(ती मराठी सगळं समजते आणि बोलते इंग्रजी. तिचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितो आहे. मूळ सूर ज्याने त्याने आपापल्या घरातून घ्यावा.)

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“तेव्हा माहीत होतं?”

मी बाबांचे गमबूट उगाच सरळ करून ठेवले.

आम्ही पापाकुरात आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. फेब्रुवारी होता. झाडाझाडांत सिकाडा किडे इतके किरकिरत होते की बाबांना आधी वाटलं विजेच्या तारांत बिघाड आहे. मुलं शाळेत अनवाणी येत. बाबा पहिल्या दिवशी फाटकाशी उभे राहून हळू आवाजात आईला म्हणाले, “अगं, देश श्रीमंत आहे ना हा?” दोन महिन्यांत मीही चपला, म्हणजे इथल्या भाषेत जँडल्स, दप्तरात टाकून अनवाणी चालायला लागलो. कापलेल्या गवताचा ओला हिरवा वास पायांना लागायचा तो रात्री पांघरुणात यायचा. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या कुंपणावरून फेजोआची फळं आमच्या बाजूला पडायची. पेरूची आठवण करून देणारा, पण पेरू नसलेला तो गोड, साबणासारखा वास. आई एक फळ उचलून नाकाशी धरायची, थोडी थांबायची, आणि मग म्हणायची, “नाही.” काय नाही, ते सांगायची नाही.

बाबा तिकडे चिंचवडच्या एका शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवत होते. इकडे ते पुकेकोहेला कांद्याच्या पॅकिंग शेडमध्ये लागले. संध्याकाळी बाबांच्या आधी कांदा घरात यायचा. पायरीवर उभे राहून ते खिसे उलटे करायचे आणि तांबूस, कागदासारखी सालं वाऱ्यावर सोडायचे. तरी एखादं साल उशीवर सापडायचंच. जेवताना ते अजूनही शिकवत. पोळी दुमडून वलीपर्वत. आमटीत चमचा फिरवून समुद्रप्रवाह. आणि त्यांचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे मूठ. डाव्या हाताची मूठ आवळायची, बोटांच्या सांध्यांभोवती बॉलपेनने गोल गोल रेषा काढायच्या, एकीखाली एक. मग मूठ हळूहळू उघडायची. डोंगर सपाट होई आणि रेषा हाताच्या पाठीवर पसरून नकाशा होई. “या समोच्च रेषा,” ते म्हणत. “डोंगर कागदावर असा उतरतो.” मी मूठ पुन्हा बंद करायला लावायचो. डोंगर परत उभा.

तिकडच्या शाळेत पोरं या खेळाला टाळ्या वाजवत, असं ते सांगत. इकडे प्रेक्षक मी एकटा. आणि दहाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर प्रेक्षकाला भलतीच नाटकं आवडू लागली.

वर्गात मिसनी पेपेहा शिकवायला घेतली. पुढच्या बाकावरच्या विरेमूचा डोंगर तौपिरी. तो उभा राहून सांगायचा तेव्हा त्याला काही आठवावं लागत नसे, जसं आपल्याला आपलं आडनाव आठवावं लागत नाही. माझ्यापाशी काय होतं? एक चिंचवडचा फ्लॅट, जिथे मी जन्मलो, आणि बाबांचं माण तालुक्यातलं गाव, जिथे मी लहानपणी गेलो होतो आणि मला आठवत होती ती फक्त एक बकरी. वर्गातल्या कुणाला ना चिंचवड माहीत, ना बकरी. पण एव्हरेस्ट सगळ्यांना माहीत होतं. ते पहिल्यांदा चढलेला माणूस न्यूझीलंडचाच, पाच डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा. आशियातला एवढा एकच डोंगर इथल्या पोरांनी आपला मानला होता. मला वाटलं, तो घेतला तर मीही त्यातून आत जाईन.

आणि गेलो. मी उभा राहून “माझा डोंगर एव्हरेस्ट” म्हणालो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘स्वीट ॲझ’, म्हणजे एकदम भारी, असं म्हणालं. तोवर मी त्यांच्यासाठी वासाच्या डब्याचा मुलगा होतो. आता बर्फाचा झालो. होडीच्या जागी मी ‘विमान, सिंगापूरमार्गे’ लिहिलं होतं, त्यावर मिस प्रेमाने हसल्या. त्या आठवड्यात मला क्रिकेटमध्ये पहिल्यांदा बॅटिंग आधी मिळाली. खोटं इतक्या लवकर फळतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मग शाळेत घरच्यांना बोलवायचा दिवस आला. आईची ड्यूटी होती. बाबांनी रजा घेतली, लग्नातला कोट घातला, आणि हात लिंबाने इतके घासले की कांदा गेला आणि लिंबाच्या फोडीसारखा वास राहिला. मिसना त्यांनी सांगितलं की आपलं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, बोलण्यात अडखळतं. मिस म्हणाल्या, मग तुमच्या भाषेत बोला, मुलांना ऐकू द्या, तुमचा मुलगा भाषांतर करेल. त्या मनाने फार चांगल्या होत्या. असली संकटं नेहमी चांगल्या माणसांकडूनच येतात.

आधी विरेमूचे आजोबा बोलले. ते सगळे त्यांना कोरो म्हणत होते. बसूनच बोलले, हातातल्या काठीवर दुसरा हात ठेवून. तौपिरीच्या उतारावर आमची माणसं पुरलेली आहेत, ते म्हणाले. गाडी तिथून जाते तेव्हा आम्ही बोलणं थांबवतो. एवढंच. मग बाबा उठले. खिशातून निळं पेन काढलं, मूठ आवळली आणि रेषा काढायला सुरुवात केली. पोरं जागेवरून उठून बघायला लागली.

“आमच्या गावाच्या पाठीला एक डोंगर आहे,” बाबा मराठीत म्हणाले. “फार उंच नाही.”

मी इंग्रजीत सांगितलं, आमच्या गावामागे एक डोंगर आहे, तो जगात सगळ्यात उंच आहे.

बाबांची भुवई किंचित हलली. ते पुढे म्हणाले, “दिवाळीपर्यंत हिरवा असतो. मग पिवळा. चैत्रात पार करडा होतो.”

मी सांगितलं, तिथे वर्षभर बर्फ असतो.

बाबा थांबले. त्यांनी माझ्यामागे भिंतीवर लावलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. वाचलं. भूगोलाचा मास्तर होता तो, आणि इंग्रजी वाचण्यापुरतं पुष्कळ होतं. खोलीत लवंगेचा मंद वास होता. आपली टूथपेस्ट कुठे गेली हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. मला वाटलं, आता सगळं सांगतील. त्यांच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं, आणि वर एक चापटी.

पण ते मराठीतच बोलत राहिले, फक्त आता माझ्याकडे बघून. वर्ग जणू नव्हताच. या सांध्याखाली म्हसोबाचं ठाणं आहे, म्हणाले. या दोन सांध्यांच्या मधली ही खिंड, इथून पलीकडचं गाव दिसतं. आणि इथे, असं म्हणून पेनचं टोक त्यांनी मधल्या बोटाच्या सांध्याशेजारच्या खळग्यात दाबून धरलं, इथे झरा आहे, बारमाही नाही, पण होळीपर्यंत पुरतो. मग त्यांनी डोंगराचं नाव सांगितलं.

नाव त्यांनी सांगितलं. ते मला पक्कं आठवतं. त्यांचे ओठ आठवतात, कोटाच्या बाहीला चिकटलेलं कांद्याचं एक साल आठवतं, खिडकीबाहेर कुणीतरी नेटबॉलचा चेंडू आपटत होतं तो आवाज आठवतो. नाव नाही आठवत. मी त्या वेळी पुढचं खोटं जुळवत होतो. हिमनदीला इंग्रजीत काय म्हणतात याचा विचार करत होतो.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने बाबांना सरळच विचारलं, तुम्ही चढला आहात त्याच्यावर? याचं भाषांतर करायला माझं तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाले, “येस. मेनी टाइम्स.”

मागून कुणीतरी विचारलं, किती वेळ लागतो?

“न्याहारीच्या आधी होतं,” बाबा त्यांच्या फळ्यावरच्या इंग्रजीत म्हणाले. “बकऱ्या घेऊन.”

सगळे खो खो हसले. मिसनी डोळे पुसले. भारतीय वडील विनोदी निघाले म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. आमच्या दोघांच्या त्या कार्यक्रमात वर्गाला कळलेलं तेवढंच काय ते खरं होतं. मग बाबा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीशी आलेले, आणि रुमालाचं टोक जिभेला लावून मुठीवरच्या रेषा पुसू लागले. बॉलपेनची शाई लवकर जात नाही. ते पुसत राहिले.

मधल्या सुट्टीत मैदानावर विरेमू माझ्याशेजारी येऊन बसला. “तुझे बाबा एव्हरेस्टचं नव्हते सांगत, ना?”

“तुला मराठी कधीपासून कळायला लागलं?”

“नाही कळत. पण ते त्याला हात लावून लावून सांगत होते. माझा कोरो तसंच सांगतो.”

पकडला गेलेला माणूस काय करतो? मी म्हणालो, “तुझा डोंगर तर केवढासा आहे.”

विरेमूने थोडा विचार केला. “हो,” म्हणाला. “पण तिथे माझी नानी आहे.” मग उठून खेळायला गेला. आम्ही पुढेही एकत्र खेळलो, शाळा संपेपर्यंत. पण तौपिरीबद्दल तो माझ्याशी परत कधी बोलला नाही.

घरी आम्ही चालत आलो. वारा होता, पुठ्ठा शिडासारखा फुगत होता. बाबा एवढंच म्हणाले, “नीट धर, उडेल.” कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, पहिल्या आठवड्यात बाबा तिथे म्हशीचं दूध मागून आले होते. त्या दुकानात त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं. मला वाटलं, मी सुटलो. संध्याकाळी आईने विचारलं, कसं झालं? बाबा कोट हँगरला लावत म्हणाले, “छान बोलला. इंग्रजी फार सुधारलंय त्याचं.”

त्यानंतर मुठीचा खेळ आमच्या घरात झाला नाही. पोळीचा वलीपर्वतही हळूहळू साधी पोळी झाला. बाबांनी इथल्या सगळ्या टेकड्या पाठ केल्या, पुकेकोहेची माती का लाल, ऑकलंडच्या टेकड्यांना वर खड्डा का, हे ते पाहुण्यांना ऐकवत. आपल्या डोंगराचं त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाला अल्बनीचं घर. विचारायला तीसेक वर्षं होती. दर वर्षी वाटायचं, हा विषय काढला की तो दिवसही निघेल. बाबा जाऊन आता चौथं वर्ष चालू आहे.

वही सापडली नाही. स्वयंपाकघरात आईने चहा टाकला होता. मी विचारलं, “आई, बाबांच्या गावचा डोंगर, त्याचं नाव काय होतं?”

“डोंगरच म्हणायचे ते. ‘डोंगराला जाऊन येतो.’ नाव होतं रे काहीतरी. मी सून म्हणून चार दिवस राहिलेली, मला डोक्यावरचा पदर आणि चूल दिसली.”

मग गावाकडे चुलतभाऊ सुन्याला फोन लावला. इकडे दुपार, तिकडे सकाळचे आठ. तो दात घासत होता.

“कुठला डोंगर? क्रशरचा?” तो म्हणाला. “अरे, तो कधीच संपला. सगळी खडी हायवेला गेली. आता तिथं तळं झालंय.”

“त्याचं नाव काय होतं?”

“क्रशरच म्हणतो आम्ही. त्याआधीचं… आबांना माहीत असणार, पण आबा कुठायत आता.” मग आवाज खाली आणून, “का रे, जमिनीचं काय निघालंय का?”

“नाही रे. पोरीचा गृहपाठ आहे.”

“गृहपाठाला डोंगर?” तो चूळ भरायला गेला.

रेवा टेबलावर पेन वाजवत होती. “मग काय लिहू?”

आणि खरं सांगतो, माझ्या जिभेवर ‘सह्याद्री’ आलं होतं. भव्य, भारदस्त, कुणी शंका घेणार नाही. थोडा हिरवा रंग, एक किल्ला, काम झालं. लवंगेचा वास अजून बोटांना होता. मी तोंड उघडलं.

“तू चढला आहेस त्याच्यावर?” तिने विचारलं.

मी तोंड मिटलं. मग सगळं सांगितलं, इथे लिहिलं तसंच, बर्फ, बकऱ्या, विरेमूची नानी, रुमाल. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. चहा उतू गेला, तिने गॅस बंद केला.

“तरीच,” ती म्हणाली.

“तरीच काय?”

“त्या दिवशी हात लालभडक झाला होता त्यांचा. विचारलं तर म्हणाले, कांद्याने झालं असेल. मी आठवडाभर मलम लावत होते.” तिने ओट्यावर सांडलेला चहा पुसला. “मी नर्स. आणि मला कांदा सांगितला.”

“आणि तो पुठ्ठा? तो का ठेवलास इतकी वर्षं?”

“मी कुठे ठेवला. टाकायला काढला की ते परत आत नेऊन ठेवायचे. पोराने मेहनत केलीय म्हणायचे.”

मग रेवा म्हणाली, “ते कसं करायचे, दाखव.”

मी डावी मूठ आवळून टेबलावर ठेवली. माझे सांधे बाबांसारखेच आहेत, मधलं बोट जरा जास्तच वर आलेलं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. रेवाने माझी मूठ एका हाताने धरली आणि निळ्या पेनने रेषा काढू लागली, जीभ दातांत धरून, एकीखाली एक. गुदगुल्या होत होत्या.

“झरा कुठे?”

“इथे,” मी म्हणालो. विचार करावा लागला नाही.

“खिंड?”

“ही.”

आई चष्मा लावून जवळ आली. “आणि म्हसोबा?” तिने विचारलं. मी तोही दाखवला.

मग रेवाने कागद ओढला. डोंगराच्या रकान्यात मूठ काढली, नाव लिहायच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली इंग्रजीत लिहिलं: हा माझ्या आजोबांचा डोंगर. तो आता नाही. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. माझ्या बाबांना ते एकदा सांगितलं होतं.

मी वाचलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

निघायच्या आधी मी कप विसळायला घेतले, एका हाताने. “दोन्ही हात घाल की पाण्यात,” आई म्हणाली. मग तिने पाहिलं, आणि कप माझ्या हातातून काढून घेतला. “राहू दे,” म्हणाली.

सोमवारी बसमध्ये मी डाव्या हाताने दांडा धरला. शेजारच्या मुलाने मुठीकडे पाहिलं, मी काढून घेतली नाही. झरा मंगळवारी गेला. खिंड गुरुवारपर्यंत दिसत होती.